पहाड नसलेला ज्वालामुखी

वहिनी, तेरवीचं जेवण आटोपलं, पाहुणे आपापल्या गावी गेले, मीही नागपूरला परत आले आणि कामावर रुजू झाले. पण हातून काही होत नाही. काल ऑफिसात एका विहिरीचा तक्ता भरायला घेतला, तीन ओळी लिहिल्या आणि उठून व्हरांड्यात गेले. परत बसले, पुन्हा उठले. शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी विचारलं, बरं नाही का? बरं आहे, म्हटलं. आज तोच तक्ता पालथा घालून त्याच्या कोऱ्या पाठीवर तुला लिहितेय.

तू कुठली, किती वर्षांची, मागे कोण कोण आहे, हे सगळं दादानं आल्यागेल्याला सांगून झालंय. ते मी लिहिणार नाही. मला त्या ज्वालामुखीबद्दल बोलायचं आहे. इतकी वर्षं मी तो विषय तुझ्यापुढे येऊ दिला नाही आणि आता तू ऐकायला नाहीस तर सारखा तोच जिभेवर येतो.

मी नववीत होते. तुझं लग्न होऊन चार महिने झाले होते. पुलगावच्या आपल्या दोन खोल्यांत आई, दादा, तू आणि मी. दादा मिलमध्ये. आईसमोर तू मला सुधाबाई म्हणायचीस, तुमी-आमी करायचीस, आणि घरामागच्या सांदवाडीत दोघीच असलो की "अव सुधे." मला ती दुसरी हाक आवडायची.

वर्ध्याला शाळांचं विज्ञान प्रदर्शन भरणार होतं. वर्गातल्या मुलांनी विजेची घंटा, पाणचक्की, पेरिस्कोप असं सगळं पटापट उचललं. उरला ज्वालामुखी. सर म्हणाले, "सुधा, तू कर." ज्यानं आयुष्यात नदीकाठच्या टेकाडापेक्षा उंच काही पाहिलं नाही, त्यानं ज्वालामुखी काय करायचा? मी पुस्तक घेऊन चुलीपाशी येऊन बसले. मधून कापलेला पहाड, त्याच्या पोटात लाल तळं, तळ्यातून वर गेलेली नळी, तोंडातून उडणारा जाळ. तू भाकरी थापत होतीस. वाकून पाहिलंस.

"वारूळ हाये का व हे?"

"ज्वालामुखी. पोटातून वितळलेला दगड बाहेर येते."

"दगड वितळते?"

तव्यावरची भाकरी करपली. आईनं बाहेरून आवाज दिला. तुझं लक्षच नव्हतं. मी घोकलेलं सांगितलं: जमिनीखाली फार खोल इतकी उष्णता असते की खडक वितळतो, वितळलेला खडक आजूबाजूच्या खडकापेक्षा हलका असतो म्हणून वर चढतो, त्यात कोंडलेली वाफ त्याला आणखी ढकलते, आणि वाट मिळाली की तो फुटून बाहेर येतो. मला त्यातलं एक अक्षर कळलं नव्हतं. तू करपलेली भाकरी उलटलीस आणि म्हणालीस, "पिठल्यावर झाकण ठेवलं का रटरटते न, तसं." तेव्हा मला कळलं.

पहिला पहाड मी एकटीनं केला. पाटावर औषधाची बाटली उभी केली, भोवती माती लिंपली, उन्हात ठेवला. दुपारी पाहते तर उभा भेगाळलेला. मी रडायला लागले. तू माती पुन्हा भिजवलीस, दादाकडून मिलमधला कापसाचा कचरा मागवलास आणि तो पिंजून पिंजून मातीत मळलास. तीन दुपारी आपण दोघी त्या पाटाशी बसलो. उतारावर तू वाटीचं बूड फिरवून सुरकुत्या काढल्यास, वर काजळी चोळलीस. त्याला तडा गेला नाही.

मग आई म्हणाली, "सून आणली का मास्तरीण आणली म्या?"

तू उठून भांडी घासायला बसलीस. भांडी घासता घासता मला म्हणालीस, "सोडा टाकून तं पाय." मी बाटलीत खायचा सोडा टाकला, वर गुलाल घातलेला लिंबाचा रस ओतला. फुस्सकन सगळं उडालं आणि दादाच्या वाळत घातलेल्या पायजम्यावर लाल शिंतोडे. दादा दाराशी आला. "हे काय होऊन राह्यलं?" तू डोक्यावरचा पदर सावरत म्हणालीस, "पहाड फुटला जी." दादा हसला. आईसमोर तुझ्याकडे पाहून तो पहिल्यांदा हसला, मला चांगलं आठवतं, कारण आई उठून आत गेली होती.

फेस उडतो, वाहत नाही, ही माझी तक्रार होती. दुसऱ्या दिवशी तू रिठ्याचं पाणी त्यात घातलंस. लाल, घट्ट फेस पहाडाच्या तोंडाशी आला, जरा थांबला आणि मग तुझ्या वाटीनं काढलेल्या सुरकुत्यांतून सावकाश खाली उतरला. आपण दोघी टाळ्या वाजवत होतो. तू वीस वर्षांची होतीस, वहिनी. मी आता तुझ्या त्या वयापेक्षा कितीतरी मोठी आहे आणि मला तू अजून मोठीच वाटतेस.

इथवरचं सांगायला मला आवडतं. कॉलेजात मैत्रिणींना सांगायचे. पुढचं कोणाला सांगितलं नाही.

सरांनी मला शाळेच्या लायब्ररीतलं एक जाड पुस्तक दिलं होतं. ते मी दोनचार पानं उलटून ठेवून दिलं. वाचलंस तू. तुझी शाळा आठवीत सुटली होती. आई दुपारी आडवी झाली की तू दारामागे बसून, ओळीखाली बोट धरून, ओठ हलवत वाचायचीस. एके दिवशी मी शाळेतून आले तर दप्तर खाली ठेवू दिलं नाहीस.

"सुधे, इथी लिवलं हाये का आपल्याकडचा काळा गोटा हा सारा ज्वालामुखीचाच हाये. वाचलं का तू?"

"असेल."

"असन कसं? मंग आपला पहाड कुठी गेला?"

मी म्हटलं, झिजला असेल. तू मान हलवलीस. तुझे बाबा आर्वीकडच्या खेड्यातले शेतकरी, पण त्यांचा हात विहिरींना सुरुंग लावण्यात. लहानपणी त्यांची भाकरी घेऊन तू विहिरीवर जायचीस, दोरीला धरून आत वाकून पाहायचीस. तू मला सांगितलंस: वर काळी माती, मग मुरूम, मग काळा गोटा. तो फोडत खाली गेलं की हातभर लाल माती लागते, विटेसारखी भाजलेली. त्याखाली पुन्हा काळा गोटा. पुन्हा लाल. या गावातही तसंच आणि तीन कोसांवरच्या गावातही तसंच.

"एका पहाडातून आलं असतं तं पहाडापाशी ढीग झाला असता न. हे तं सारीकडे सारखं हाये. पोळीवर पोळी ठेवल्यावानी."

आणि मग तू चुलीवरचं पिठलं उतरवलंस. पळीभर घट्ट पिठलं ताटात मधोमध टाकलंस. ते ढिगासारखं बसलं. उरलेल्यात गरम पाणी घालून पातळ केलंस आणि दुसऱ्या ताटात ओतलंस. ते काठापर्यंत पसरलं. "आपल्याकडचा दगड पातळ होऊन आला असन. पहाड नसनच झाला. जमीन भेगली असन लांबच्या लांब, अन् त्या भेगीतून हे उतू गेलं असन. मंग थांबलं. वरच्या दगडाची माती झाली. मंग पुन्हा उतू आलं, अन् थे माती भाजली."

त्या दिवशी सगळ्यांनी पातळ पिठलं खाल्लं. आई बोलली, ते तू ऐकून घेतलंस.

वहिनी, मी पुढे पाच वर्षं हेच शिकले. मोठमोठ्या शब्दांत, नकाशे लावून, सूक्ष्मदर्शकाखाली दगडाचे पातळ काप ठेवून. एवढंच होतं त्यात. तू ते दोन ताटांत सांगितलं होतंस.

आठवड्याच्या बाजाराला तुझे बाबा आले तेव्हा तू निरोप पाठवून मागवलेले दगड त्यांनी पिशवीतून काढले. एक काळा, घट्ट. एक काळाच, पण अनारशासारखा जाळीदार. आणि एक लाल ढेकूळ. तू ते तिन्ही माझ्या पहाडाशेजारी मांडलेस आणि म्हणालीस, "सुधे, हा पहाड आपण काढून टाकू. दुसरा पाट घेऊ. सपाट. मधातून लांब भेग ठेवू, बाजूनं थर दाखवू, काळा-लाल, काळा-लाल. लाल थरावर थोडं गवत खोवू. मधात लय वर्स गेले असन तं गवत उगोलं असन न?"

प्रदर्शनाला चार दिवस राहिले होते. माझा पहाड तयार होता, देखणा होता, त्यातून फेस वाहत होता. सपाट पाट पाहायला कोण थांबणार? मी ओरडले. "तुला काय कळते? तू आठवीपर्यंत शिकली."

तू मांडलेले दगड सरळ केलेस. मग म्हणालीस, "सरले विचारून पाय."

विचारलं मी. दुसऱ्याच दिवशी, मधल्या सुट्टीत. सगळं सांगितलं, विहिरी, लाल माती, पिठलं. सरांनी हातातला खडू खाली ठेवला. म्हणाले, "हे अगदी बरोबर आहे. आपल्याकडे लाव्हा भेगांमधूनच आला, थरावर थर. तुला कोणी सांगितलं?" मी म्हटलं, वहिनीनं.

संध्याकाळी घरी आले. तू दारातच उभी होतीस, हाताला पीठ लागलेलं. विचारलंसही नाहीस, नुसती पाहत राहिलीस. आणि मी म्हणाले, "सर म्हणे, असं काही नसते."

"नसते?"

"पहाडच असते म्हणे."

"बरं," म्हणालीस तू. आत गेलीस. दगड उचलून घडवंचीखाली ठेवलेस. दुसऱ्या दिवशी पहाडाचा एक कोपरा खरचटला होता तो तूच लिंपून दिलास आणि वर्ध्याला नेताना मोडू नये म्हणून तुझ्या लग्नातल्या लुगड्यात तो पाट बांधून दिलास. माझी खोटी बातमी ऐकून तू एकदा जरी चिडली असतीस तर मला बरं झालं असतं. हे मी तुझ्यावर ढकलतेय, कळतंय मला.

प्रदर्शनात फेस छान वाहिला. पोरं गोळा झाली. मग परीक्षक आले, नागपूरच्या कॉलेजातले एक प्राध्यापक. फेस त्यांनी पाहिला न पाहिल्यासारखा केला आणि विचारलं, "बेटा, आपल्या जिल्ह्यातला खडक कुठून आला? इथे तर असा पहाड नाही."

मी एक क्षणही थांबले नाही. काळा गोटा, हातभर लाल माती, पुन्हा काळा गोटा. पोळीवर पोळी ठेवल्यासारखं. पातळ लाव्हा पसरतो, घट्ट ढीग करतो. तुझे शब्द मी शुद्ध भाषेत सांगत होते. ते खाली वाकले. "हे तुला कोणी सांगितलं?"

"मी स्वतः पाहिलं, सर. विहिरीत उतरून."

पहिला नंबर आला. तू शेजारीपाजारी साखर वाटलीस. "आमच्या सुधाबाईचा पहाड," असं सांगत फिरलीस. आईनं त्या दिवशी तुला काही म्हटलं नाही.

त्या प्राध्यापकांनी मला सांगितलं होतं, मॅट्रिक झाल्यावर सायन्स घे, भूगर्भशास्त्र शीक. दादाला ते काय ते कळेना, आईला मुळीच पटेना. तू दादाच्या मागे लागलीस. महिनाभर. "शिकू द्या तिले," एवढंच. तू स्वतःसाठी एकदाच काही मागितलं होतंस, बाहेरून मॅट्रिकला बसू का म्हणून. आई नाही म्हणाली, मग लेकरं झाली, मग तू विचारणं सोडलंस. माझ्यासाठी मात्र तू सोडलं नाहीस. मी शिकले, भूजलाच्या सर्वेक्षणात लागले. बाई विहिरीत उतरते म्हणून गावोगावची माणसं पाहायला जमतात. पहिल्यांदा उतरले ती विहीर हिंगणघाटच्या बाजूची होती. वीस-बावीस हातांवर लाल थर आला. मी त्याला हात लावला. वरून शेतकरी विचारत होता, "बाई, पाणी लागन का?" मी थरावरचा हात काढला नाही.

त्याच दिवाळीला तुला सांगायचं ठरवून मी पुलगावला आले. तू अनारसे तळत होतीस. म्हटलं, नंतर सांगू. असं कितीदा झालं. सांगायला जावं तर तू काहीतरी छान वागायचीस आणि माझा धीर सुटायचा.

आणि मग वर्ध्याचा दवाखाना. मी दोन दिवसांची रजा काढून आले होते. दुपार होती, दादा औषधं आणायला गेला होता. तुझे हात सुजलेले. तू म्हणालीस, "सुधे, एक सांग. तू येवढी शिकली. आपल्याकडच्या लाल मातीचं तुह्या पुस्तकात काय लिवलं हाये?"

मी सांगितलं. सगळं. भेगा, थर, मधली लाल माती, तिच्यावर काही ठिकाणी झाडं आणि तळीसुद्धा होती ते. तू डोळे मिटून ऐकत होतीस.

"म्हंजे गवत होतं."

"असणारच."

"म्हंजे म्या म्हणलं थे बरोबर होतं."

"तू अगदी बरोबर होतीस, वहिनी."

तुझ्या चेहऱ्यावर असं काही आलं की मला तुझ्याकडे पाहवेना. आणि मग तू विचारलंस, "मंग सर काऊन नाई म्हणे?"

वहिनी, याहून सोपी वेळ मला मिळणार नव्हती. खोलीत आपण दोघीच. तू रागावली नसतीस, मला पक्कं ठाऊक आहे. आणि मी म्हणाले, "सरांना तेव्हा माहीत नसेल."

"बिचारे सर," म्हणालीस तू.

मी नागपूरला परत आले आणि आठव्या दिवशी दादाचा ट्रंककॉल आला.

तेरवीच्या दिवशी तुझे बाबा मांडवात एकटे बसले होते. मी त्यांच्याजवळ जाऊन बसले आणि सांगायला लागले. आयुष्यभर सुरुंग लावून त्यांना कमी ऐकू येतं, हे मी विसरले होते. "काय म्हणतं?" ते म्हणाले. मी जरा मोठ्यानं सांगितलं. "आँ?" मग मी ओरडूनच सांगितलं, की तिचं बरोबर होतं, सर बरोबर म्हणाले होते, मी खोटं बोलले, बक्षिसासाठी. वाढणाऱ्या बायकांचे हात थांबले. दादा पाण्याची बादली घेऊन उभा होता, त्यानंही ऐकलं. बादली खाली ठेवून बाहेर गेला. अजूनही तो माझ्याशी बोललेला नाही, पत्राला उत्तर नाही.

बाबा माझ्याकडे वळले. म्हणाले, "मले काऊन सांगतं बाई? तिले सांगतलं असतं तं थे हासली असती."

हसली असतीस. तेच तर. तू हसली असतीस आणि विषय संपला असता, आणि मी पंधरा वर्षांची असल्यापासून जे उराशी धरून बसलेय ते दोन मिनिटांत सुटलं असतं. एवढ्या सोप्या गोष्टीला मी इतकी का घाबरले? मी उठून दोन फेऱ्या मारून आले. उत्तर सापडत नाही. नाही, सापडतं. ते मांडवात ओरडून सांगता आलं नाही, आणि वर मी ते गाळलंय. सर काय म्हणाले ते मी अर्धंच लिहिलं.

वहिनीनं सांगितलं, असं मी म्हटल्यावर सरांनी विचारलं, वहिनी किती शिकली? मी म्हटलं, आठवी. सर म्हणाले, "आठवी शिकलेल्या बाईनं हे स्वतः शोधून काढलं? तिला उद्या घेऊन ये. मॅट्रिकला बाहेरून बसता येतं. पुस्तकं मी देतो, शिकवतो मी. घरी कोणी नाही म्हणत असेल तर मी येऊन बोलतो." मी वर्गाकडे वळले तर पुन्हा हाक मारून म्हणाले, "विसरू नकोस, उद्याच घेऊन ये." आठवड्यानं त्यांनी विचारलं तेव्हा मी सांगितलं, वहिनी माहेरी गेलीय. उन्हाळ्यात त्यांची बदली झाली.

घरात शिकणारी मी एकटी होते, वहिनी. मला ते तसंच राहायला हवं होतं.

त्यांनी तुला बोलावलं होतं. दोनदा बोलावलं होतं. आणि दोन्ही वेळा मी हो म्हटलं होतं.